यंत्रगाडीचा बोर्ड जळाल्यावर काय करावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, पारितोषिके वाटली जातात, वडीलधाऱ्यांचे आशीर्वचन होते. यशाचा गौरव करावयाचा हा दिवस. अशा दिवशी आम्ही मात्र एका अपयशाविषयी बोलण्यास उभे आहोत, तरी आपण अनुज्ञा द्यावी. घरी मुलाने हौसेने यंत्रगाडी तयार करावी, तिला वीज जोडताना एखादी तार चुकीच्या जागी लागावी आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिचा बोर्ड निकामी व्हावा, हा प्रसंग आता आपल्या कुटुंबांतून वारंवार घडू लागला आहे. त्यानंतर काय करावे आणि काय करू नये, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

हा विषय इतका घरगुती कसा झाला, हे दोन वाक्यांत सांगतो. इटलीतील इव्रेया या गावी २००५ साली काही अध्यापकांनी रचनाकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड सिद्ध केला आणि त्याचा आराखडा सर्वांस खुला ठेवला. त्यामुळे जगभर त्याच्या प्रतिकृती निघाल्या. आपल्या देशात २०१६ साली अटल नवोपक्रम योजना सुरू होऊन सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळाशाळांतून टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात गेले असता असा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. तेव्हा तो जळाला म्हणजे फार मोठे आर्थिक नुकसान झाले, असे म्हणता येत नाही.

परंतु बोर्डाबरोबर दुसरेही काही जळत असते. मूल घाबरते. ‘आता घरात बोलणी बसणार’ या भीतीने ते चूक लपविते. तारा घाईघाईने उपटते, किंवा ‘आपोआप बंद पडले’ असे सांगून मोकळे होते. वडील मंडळी एकतर रागावतात किंवा तो सामान टाकून देऊन दुसरे आणून देतात. दोन्ही मार्गांनी परिणाम एकच होतो. दोष कोठे होता हे कोणासच कळत नाही, आणि दुसरा बोर्डही त्याच दोषाने जळतो. आमचे आजचे सांगणे थोडक्यात एवढेच आहे, की जळालेला बोर्ड हा पुरावा आहे. तो आधी जपावा, मग क्रमाने वाचावा आणि मगच टाकावा. मूल निर्भयपणे बोलू शकले तरच हे साधते.

आता ज्यांनी असा बोर्ड हाताळलेला नाही अशा श्रोत्यांसाठी त्याची ओळख करून देतो. आम्ही उदाहरणासाठी आर्डुइनो उनो हा सर्वपरिचित बोर्ड घेतो. त्याच्या मध्यभागी एटीमेगा-३२८पी नावाची चिप असते. ती गाडीचा मेंदू होय. हा मेंदू ५ व्होल्ट विद्युत्-दाबावर सुखाने काम करतो. ६ व्होल्ट ही त्याची अखेरची सहनमर्यादा. ती ओलांडली तर तो टिकेलच असे त्याचा निर्माताही सांगत नाही.

या बोर्डात वीज शिरण्याचे मार्ग समजले की निम्मे काम झाले. जुन्या वाड्यास जसा आधी दिंडीदरवाजा, मग ओसरी आणि मग माजघर, तशीच येथील व्यवस्था आहे. बोर्डाच्या कडेला जे गोल सॉकेट असते तो दिंडीदरवाजा. तेथे एक डायोड पहारेकरी म्हणून उभा आहे. धन व ऋण टोके उलटी लागली तर तो वीज आत सोडीतच नाही. त्याच्या पुढे ओसरीवर रेग्युलेटर बसला आहे. बाहेरून येणारा सुमारे ७ ते १२ व्होल्टचा दाब तो ५ वर आणून आत पाठवितो. ‘व्हीइन’ नावाची पिन ही थेट ओसरीची वाट होय. तेथे रेग्युलेटर भेटतो, पण पहारेकरी भेटत नाही. आणि ‘५ व्होल्ट’ असे लिहिलेली जी पिन आहे ती सरळ माजघरात उघडते. तेथे ना पहारेकरी, ना रेग्युलेटर. त्या पिनेवर बाहेरून जे येईल ते जसेच्या तसे मेंदूपर्यंत पोचते. संगणकाची केबल ही चौथी वाट. तिच्यावर अर्ध्या अँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. परंतु ती वाटही शेवटी माजघरातच येते.

यावरून चुकांचे दोन प्रकार सहज ध्यानात येतील. पहिला प्रकार उलट्या जोडणीचा आणि दुसरा अधिक दाबाचा. उलटी जोडणी गोल सॉकेटात झाली असेल तर बोर्ड केवळ मुका राहतो. टोके सुलट करताच तो पुन्हा चालू लागतो. म्हणून बोर्ड पेटत नाही एवढ्यावरून तो मेला असे समजू नये. तीच उलटी जोडणी व्हीइनवर झाली तर मात्र रेग्युलेटर आणि त्याच्या शेजारचे कंडेन्सर यांवर संकट येते. ज्या कंडेन्सरला धन-ऋण बाजू असते तो उलटा लागला की फुगतो, प्रसंगी फुटतोही.

मोटारी फिरविणाऱ्या चालक-बोर्डाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. एल-२९८ या चिपेभोवती आठ डायोड बसविलेले असतात. मोटार थांबताना विजेचा जो उलटा धक्का देते तो सोसण्यासाठी ते असतात. परंतु बॅटरीच उलटी लागली म्हणजे हेच रक्षक डायोड ऋण टोकाकडून धन टोकाकडे सोपा रस्ता खुला करून देतात आणि बॅटरी जवळजवळ शॉर्ट होते. तारा तापतात, प्लॅस्टिक वितळते. येथे चिपेपेक्षा घराची काळजी आधी करावी लागते.

म्हणून तपासणीचा पहिला नियम सुरक्षिततेचा आहे. काही बिघडले असे वाटताच वीज तोडावी, आणि ती सर्व बाजूंनी तोडावी. बॅटरी काढली पण संगणकाची केबल तशीच राहिली, तर काम अर्धेच झाले. पाचाच्या पिनेवर जास्त दाब आला असताना केबल लागलेली असेल तर तो दाब केबलमधून संगणकाकडेही जाऊ शकतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. लिथियमचा सेल गरम झाला असेल, फुगला असेल किंवा त्याला गोडसर उग्र वास येत असेल, तर त्याला उघड्यावर, फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावे आणि पुन्हा कधीही चार्ज करू नये. येथे काटकसर कामाची नाही.

दुसरा नियम असा, की वीज तोडल्यावर लगेच तारा उपटू नयेत. कोणती तार कोठे आहे याचे आधी चित्र काढावे, किंवा मोबाइलवर दोन-चार बाजूंनी छायाचित्र घ्यावे. या नियमाचे मोल किती हे सांगण्यासाठी गेल्या पावसाळ्यातील एक हकीकत निवेदन करतो.

आपल्यापैकीच एका कुटुंबातील नववीचा विद्यार्थी वडिलांसह आमच्याकडे आला. काळ्या रेषेवरून आपोआप चालणारी गाडी त्याने तयार केली होती आणि शाळांची स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. गाडीत लिथियमचे तीन सेल एकामागे एक जोडलेले होते. पूर्ण भरल्यावर असा प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे तिघांचे मिळून १२.६ व्होल्ट होतात. वडील म्हणाले, “बोर्डच निकृष्ट निघाला. दुसरा आणलाच आहे, तेवढा बसवून द्या.” मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याच्याकडून एवढेच कळले, की सकाळी गाडी सुरू करताच वास आला आणि सारे बंद पडले.

नवा बोर्ड बसविणे पाच मिनिटांचे काम होते. आम्ही ते केले नाही. मुलाच्या हाती कागद-पेन्सिल देऊन म्हटले, “अरे, घाई नाही. गाडीत तारा आत्ता जशा आहेत तशा काढून दाखव. कशा असायला हव्यात ते नको, आहेत तशा काढ.” तो काढू लागला. चालक-बोर्डावर तीन स्क्रू ओळीने असतात: एक १२ व्होल्टचा, मधला ऋण टोकाचा आणि तिसरा ५ व्होल्टचा. त्या जागी येताच त्याची पेन्सिल थांबली. बॅटरीची लाल तार पाचाच्या स्क्रूत होती, आणि त्याच स्क्रूतून दुसरी तार उनोच्या पाचाच्या पिनेकडे गेली होती. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “काका, काल रात्री तारा सैल वाटल्या म्हणून मी काढून पुन्हा घट्ट केल्या होत्या. बाबांनी रात्री गाडीला हात लावू नको म्हणून सांगितले होते.”

श्रोतेहो, या एका वाक्यासाठी तो सबंध दिवस आतल्या आत घुसमटत होता. ते वाक्य न निघते आणि आम्ही नवा बोर्ड त्याच तारांना जोडला असता, तर तोही त्याच क्षणी गेला असता. वडिलांनी प्रसंग ओळखला. ते रागावले नाहीत. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी बसले आणि पुढची सर्व तपासणी दोघांनी मिळून केली.

चूक कळली म्हणजे संशयितांची यादी करता येते. येथे आम्ही मुलांना पंगतीची उपमा देतो. विषारी पदार्थ ज्या पंगतीत वाढला गेला त्या पंगतीतील प्रत्येकास तपासावे. दुसऱ्या पंगतीत बसलेल्यांना उगाच औषध देऊ नये. या गाडीत पाचाच्या पंगतीला उनो, रेषा ओळखणारे दोन संवेदक आणि चालक-बोर्डाची तर्कबाजू एवढे जण बसले होते. मोटारी आणि चाके त्या पंगतीत नव्हती. पुष्कळांस वाटते, की एल-२९८ ही ४६ व्होल्टपर्यंत चालणारी चिप, तिला बाराचे काय भय? परंतु ४६ व्होल्ट ही तिच्या मोटारीकडील बाजूची मर्यादा आहे. तिच्या तर्कबाजूची मर्यादा अवघी ७ व्होल्ट. एकाच चिपेस दोन तोंडे असून दोन्हींची पचनशक्ती वेगळी आहे.

यादी झाल्यावर सर्व भाग एकमेकांपासून सोडवावेत आणि प्रथम डोळे व नाक यांनी पाहणी करावी. चिपेवर फोड, तडा किंवा बारीक छिद्र, फुगलेला कंडेन्सर, काळवंडलेली जागा, जळका वास ही चिन्हे शोधावीत. ती आढळली तर दोष सापडला. आढळली नाहीत तर काहीच सिद्ध झाले नाही. मेलेली चिप पुष्कळदा बाहेरून नव्यासारखी दिसते.

यानंतर मल्टिमीटर. वीज संपूर्ण तोडलेली असतानाच त्याच्यावर रोध मोजावयाचा असतो, हे आधी बजावून ठेवतो. बोर्डाची पाचाची पिन आणि ऋण पिन यांच्यामध्ये रोध मोजावा. तो अगदी थोडे ओहम आला तर आत कोणीतरी शॉर्ट झाले आहे. पुष्कळ आला तर निदान सरळ शॉर्ट नाही. शेजारी चांगला बोर्ड असेल तर त्याचा रोधही मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. तुलनेइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. त्या मुलाच्या उनोवर अवघे तीन-चार ओहम आले. चालक-बोर्डाच्या पाचाच्या स्क्रूवरही तोच प्रकार.

उनोच्या काही नमुन्यांत मेंदूची चिप २८ पायांची असून खोबणीत बसविलेली असते, हा आपला मोठा फायदा. बारीक स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलून ती सरळ वर काढावी, म्हणजे पाय वाकत नाहीत. चिप काढल्यावर पुन्हा रोध मोजला तो कित्येक शे ओहम भरला. म्हणजे शॉर्ट मेंदूतच होता. एकेक भाग बाजूला करून पुन्हा मोजणे ही जी रीत आहे तीत घाई नाही आणि अंदाजही नाही. म्हणूनच ती लवकर उत्तर देते.

आता बोर्डास पुन्हा वीज द्यावयाची ती जपून. ज्यांच्याकडे प्रवाहाला मर्यादा घालणारे विद्युत्-यंत्र आहे त्यांनी १०० मिलिअँपिअरच्या आसपास मर्यादा ठेवावी. ते नसेल तर आपल्या जुन्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्यांची युक्ती उपयोगी पडते. दुरुस्तीस आलेला रेडिओ ते प्रथम एका दिव्यातून वीज देऊन चालू करीत. रेडिओत शॉर्ट असेल तर दिवा प्रखर पेटे आणि पुढचा अनर्थ टळे. तीच गोष्ट लहान प्रमाणात करावी: ५ व्होल्टच्या मोबाइल-चार्जरमधून बोर्डाला वीज देताना वाटेत टॉर्चचा तारेचा छोटा दिवा घालावा. एलईडी चालणार नाही. बोर्ड निरोगी असेल तर दिवा जवळजवळ विझलेलाच राहतो. प्रथम तपासणीसाठी संगणकाचे तोंड मात्र कधीही वापरू नये.

त्या उनोला असा दिवा लावला तेव्हा तो मिणमिणता पेटला. कोठेतरी वीज वाया जात होती. बोटाने चाचपता केबलच्या तोंडाजवळील लहान चौकोनी चिप गरम लागली. संगणकाशी बोलणे हे तिचे काम. गरम भाग बोटास सापडत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे पातळ बोट बोर्डावर फिरवावे. जेथे ते प्रथम सुकते तेथे उष्णता आहे. मात्र हा द्रव ज्वालाग्राही असल्याने बॅटरी व ठिणगी यांपासून दूर राहावे. ही चिप गरम न होता शंका उरलीच, तर मेंदू काढून पाठविण्याची व घेण्याची पिन एका तारेने जोडावी आणि संगणकावरून अक्षरे पाठवावीत. तीच अक्षरे परत आली तर दुभाषी जिवंत आहे. आपल्या प्रकरणात दुभाषीही गेला होता आणि मेंदूही. तो बोर्ड निकामी ठरला. परंतु आता तसे म्हणण्यास आधार होता.

केवळ मेंदूच गेला असता तर नवी चिप घालून बोर्ड वाचविता आला असता. ती घेताना बूटलोडर भरलेली चिप मागावी. कोरी चिप आणल्यास दुसऱ्या आर्डुइनोच्या साहाय्याने बूटलोडर भरावा लागतो.

संवेदकांची कथा अधिक सुखद आहे. त्यांच्यावरील एलएम-३९३ ही तुलना करणारी चिप ३६ व्होल्टपर्यंत सहन करते. त्यामुळे दोन्ही चिपा वाचल्या होत्या. प्रश्न होता अवरक्त प्रकाश देणाऱ्या दिव्यांचा. हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण पुष्कळशा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तो फिकट जांभळा दिसतो. मुलाने स्वतः पाहिले: एका संवेदकाचा दिवा दिसला, दुसऱ्याचा दिसला नाही. तेवढा दिवा उकलून त्याच्या जागी नवा डाख देऊन बसविला आणि संवेदक कामास लागला. तिन्ही सेलांचे दाब स्वतंत्र मोजले, ते सारखे आले. मोटारी एका लहान बॅटरीवर फिरवून पाहिल्या, त्या उत्तम होत्या. हिशेब मांडता उनो आणि चालक-बोर्ड एवढे दोनच भाग गेले. बाकी गाडी शाबूत राहिली.

नव्या भागांची जोडणी करताना आम्ही पाचाच्या स्क्रूवर तारच ठेवली नाही. उनोला वीज त्याच्या गोल सॉकेटातून दिली. भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट बारापेक्षा किंचित अधिक खरे, परंतु वाटेतला पहारेकरी डायोड पाऊण व्होल्टच्या आसपास स्वतःच खातो. चालक-बोर्डाची तर्कबाजू त्याच्या स्वतःच्या रेग्युलेटरवर चालू दिली आणि सर्वांची ऋण टोके एकत्र जोडली. मुख्य म्हणजे नवा बोर्ड लावण्यापूर्वी तारेच्या मोकळ्या टोकाशी मल्टिमीटर धरून दाब आणि धन-ऋण बाजू मोजून घेतली. मग चाके जमिनीपासून उचलून प्रथम बोर्ड, नंतर एक संवेदक, नंतर दुसरा आणि शेवटी मोटारी असे एकेक करीत सुरू केले. गाडी स्पर्धेत धावली. पारितोषिक मिळाले नाही, म्हणून आजच्या सत्काराच्या यादीत त्या विद्यार्थ्याचे नाव नाही. परंतु स्पर्धेच्या मैदानावर दुसऱ्या एका शाळेची गाडी बंद पडली तेव्हा तिच्या तारांचे चित्र काढण्यास हाच मुलगा बसला होता, असे आम्हास त्याच्या वडिलांकडून कळले.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. अपघातातून जो भाग वाचला असे दिसते तो पूर्णपणे वाचला असेलच असे नाही. जास्त दाब सोसलेल्या चिपेची एखादी पिन मुकी होते, किंवा ती आज चालते आणि महिन्याने अकारण थांबते. म्हणून वाचलेल्या बोर्डाची प्रत्येक पिन तपासावी, आणि तरीही त्याला सरावासाठीच ठेवावे. स्पर्धेत किंवा जेथे कोणास इजा होऊ शकेल अशा यंत्रात वापरू नये.

प्रतिबंधाचे उपाय थोडके आणि स्वस्त आहेत. धन तार लाल आणि ऋण तार काळी, हा नियम घरात एकदा ठरला की मोडू नये. बॅटरीला एकाच बाजूने बसणारा प्लग लावावा, म्हणजे अंधारातही तो उलटा लागत नाही. स्क्रूजवळील छापील अक्षरे तारांखाली झाकली जातात, म्हणून वर कागदाची चिठ्ठी चिकटवावी. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज घालावा. मात्र फ्यूजविषयी गैरसमज नको. तो तारांना आणि घराला आगीपासून वाचवितो; चिपेला वाचविण्याइतका तो चपळ नाही. चिप आधी जाते, फ्यूज मागाहून. चिपेचे खरे रक्षण वीज देण्यापूर्वी मोजण्यातच आहे. काही शे रुपयांचा साधा मल्टिमीटर हा पहिल्या बोर्डाबरोबरच घरात यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आता पालकांसाठी दोन शब्द. आपल्या घरांतून मुलांच्या गुणपत्रिकेची चौकशी आस्थेने होते, आणि ती व्हावीच. परंतु मुलाच्या हातून काही बिघडले तर ते सांगावयास प्रथम कोणाकडे धावते, याचीही चौकशी प्रत्येक घराने स्वतःशी करावी. ते आपल्याकडे धावत असेल तर त्या घरात विद्या सुरक्षित आहे. ते दाराआड लपत असेल, तर आज एक बोर्ड गेला; उद्या फुगलेली लिथियमची बॅटरी उशीखाली लपविली जाईल, आणि तो धोका मात्र कोणत्याही घरास परवडणारा नाही. रात्री गाडीस हात लावू नको, ही त्या वडिलांची आज्ञा योग्यच होती. आज्ञा मोडल्याबद्दल बोलावयाचे असेल तर अवश्य बोलावे. फक्त आधी वीज तुटू द्यावी, बॅटरी बाहेर जाऊ द्यावी, चित्र काढून होऊ द्यावे. शिस्त आणि विश्वास यांचे वैर नाही; त्यांचा क्रम तेवढा सांभाळावा लागतो.

विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे असे, की एक वही केवळ बिघाडांसाठी ठेवा. तारीख घाला, काय जोडले होते ते चित्र काढा, कोणता दाब मोजला, कोणता रोध आला, कशाने दुरुस्त झाले ते लिहा. आपल्या धाकट्या भावंडांच्या हाती ती वही पडेल तेव्हा तुमच्या जळालेल्या बोर्डाचे मोल वसूल झालेले असेल. ज्याला बोर्ड कधीच जळू द्यावयाचा नाही, त्याने गाडी करूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. पण जो गाडी करील त्याच्या आयुष्यात हा प्रसंग एकदा तरी येणारच, हे आम्ही निश्चयाने सांगतो. त्या वेळी हात आधी बॅटरीकडे जावा, मग पेन्सिलीकडे, आणि मगच स्क्रूड्रायव्हरकडे.